दीड टनाचा एसी, अठराशे किलो बर्फ आणि बाबांची रात्रपाळी

"ऐकायला वेळ नाही रे, वाचायला पाठव" म्हणणाऱ्यांसाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. माझं अडखळणं आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकलीये. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. तुमच्या घरी, ऑफिसात, नाहीतर चौकातल्या मोबाईलच्या दुकानात एसी असेल, त्यावर '१.५ टन' असं लिहिलेलं असतं. हा दीड टन कशाचा? एसीचं वजन तर नक्कीच नाही, नाहीतर भिंतच खाली आली असती. मी बीटेक केलं, पहिल्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्सचा पेपर कसाबसा काढला, आणि तरी हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

तो दीड टन बर्फाचा आहे. म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत हळूहळू वितळताना आजूबाजूची जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता जे यंत्र दिवसभरात बाहेर काढतं, ते 'एक टनाचं' यंत्र. टन अमेरिकन बरं का, २,००० पौंडांचा, आपल्या हिशेबाने साधारण ९०७ किलो. आकड्यात सांगायचं तर ताशी १२,००० बीटीयू, किंवा साधारण साडेतीन किलोवॅट.

हे माप आलं कुठून? पूर्वी लोक गारवा विकत घ्यायचे तो बर्फाच्या रूपात. मग गारवा देणारी यंत्रं आली. ती विकणाऱ्याला गिऱ्हाईकाला सांगावं लागायचं, की बाबा, हे यंत्र घेतलंस तर रोजचा इतका टन बर्फ वाचेल. मोटारीची ताकद घोड्यांत मोजतात ना, तसंच. घोडे गेले, हॉर्सपॉवर राहिली. बर्फाच्या गाड्या गेल्या, टन राहिला.

पण आजचा भाग याच्या पुढचा आहे. बर्फाच्या गाड्या गेल्या हे खरं, बर्फ मात्र गेलेला नाही. आजही काही मोठमोठ्या इमारती थंड ठेवायला रात्री टाकीत बर्फ जमवतात आणि दिवसा वितळवतात. अशी टाकी मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्या-मुंबईत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाहिली, खामगाव तालुक्यात, बाबांच्या डब्यासोबत.

बाबांची टाकी

माझे बाबा एका दूध शीतकरण केंद्रावर ऑपरेटर होते. केंद्राचं नाव सांगत नाही, गरजही नाही. मोठी शेड, समोर कॅन उतरवायचा ओटा, एका खोलीत फॅट काढायचं मशीन, आणि मागच्या बाजूला ती टाकी. सगळे तिला 'आयबीटी' म्हणायचे. आईस बँक टँक. मला लहानपणी वाटायचं, ही खरीच बँक आहे.

झाकण उचललं की आत पाणी, आणि पाण्यात नळ्यांच्या रांगा. नळ्यांच्या आतून कॉम्प्रेसरचा गॅस फिरायचा आणि बाहेरून बर्फाचा थर चढायचा, मनगटाएवढा जाड. एक पंखा पाणी ढवळत राहायचा. मे महिन्यात, बाहेर पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना, त्या पाण्यात हात बुडवायचा आणि किती वेळ ठेवता येतो ते मोजायचं, हा माझा उन्हाळी सुट्टीतला खेळ. वीसच्या पुढे मी कधी गेलो नाही.

आता हिशेब बघा. संध्याकाळी गावागावांतून ५,००० लिटर दूध आलं असं धरू. ते येतं साधारण ३५ अंशांवर आणि लवकरात लवकर ४ अंशांवर न्यावं लागतं, कारण कोमट दुधात जंतू वाढतात ते दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होत. एवढी उष्णता काढायला साधारण १,८०० किलो बर्फ वितळवावा लागतो. हेच काम दोन तासांत थेट यंत्राने करायचं तर जवळपास २४ टनांचं यंत्र लागेल. पण आदल्या रात्रीपासून १२ तास हळूहळू बर्फ जमवला तर ४ टनांचं यंत्र पुरतं. सहा पटीने लहान यंत्र, लहान मोटार, लहान वीज कनेक्शन.

आणि आमच्याकडे दुसरंही एक कारण होतं. लोडशेडिंग. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी गावात काढलीत त्यांना सांगायला नको. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नाही. केंद्रावर एक छोटा डिझेल जनरेटर होता. तो कॉम्प्रेसर ओढू शकत नव्हता, पण पाण्याचा पंप आणि ढवळणारा पंखा आरामात चालवायचा. म्हणजे लाईट असताना बर्फ करून ठेवायचा, आणि लाईट नसताना फक्त गार पाणी फिरवायचं. बँकेत पैसे असले की पगार उशिरा झाला तरी चालतं, तसं.

मी सहावीत होतो तेव्हा एकदा बँक रिकामी निघाली. रात्री वादळ झालं, कुठेतरी खांब पडले, आणि रात्रभर लाईन आलीच नाही. नळ्यांवर बर्फाचा पापुद्रा तेवढा होता. सकाळचं दूध कसंबसं निघालं. संध्याकाळच्या दुधाला टाकीतलं पाणी कोमट होत गेलं आणि दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याने चाचणी करून ते दूध नाकारलं. बाबा सकाळी घरी आले ते ओट्यावरच बसून राहिले. आई म्हणाली, "चहा घेता का?" ते म्हणाले, "दुधाचा नोको." त्या दुधाचे पैसे कुणाचे कापले गेले हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. दोन म्हशी असलेल्या माणसाला ते किती लागतं हेही कळतं.

तर गारवा साठवणं ही माझ्यासाठी पुस्तकातली कल्पना कधीच नव्हती. तिचा इतिहास शोधायला लागलो तेव्हा पहिला धागा मला आमच्याच जिल्ह्यात सापडला.

लोणारचा सोरा

लोणारचं सरोवर तुम्हाला माहीत आहे. उल्केच्या आघाताने झालेलं, खारं पाणी, रील्समध्ये वरून ड्रोन शॉट. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने १५९० च्या दशकात 'आईन-ए-अकबरी' लिहिली. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या भागातलं हे लोणार येतं. तिथे काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो, सोराही निघतो आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न मिळतं, अशी नोंद आहे.

आता गंमत बघा. त्याच ग्रंथात दुसरीकडे बादशहाच्या आबदारखान्याचं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या खात्याचं वर्णन आहे. तिथे पाणी गार करायची रीत दिलीये. धातूच्या सुरईत पाणी भरून तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि सुरई त्यात गोल गोल फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो, सुरईतलं पाणी गार होतं. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा, आणि त्यानेच पाणी गार! लोणारचा सोरा बादशहाच्या सुरईपर्यंत गेला असा अर्थ काढू नका. पण एकाच पुस्तकात दोन्ही गोष्टी आहेत आणि त्यातली एक आमच्या जिल्ह्याची आहे, याचा मला भारी आनंद झाला.

पुढे १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेला, तेव्हा लाहोरला उत्तरेच्या डोंगरातून बर्फ येऊ लागला. होड्यांनी, गाड्यांनी आणि हमालांच्या डोक्यावरून. म्हणजे तेव्हाही प्रश्न दोनच होते. गारवा आहे कुठे, आणि तो हवा आहे तिथपर्यंत टिकवायचा कसा?

सोऱ्याने सुरई गार होते, खोली नाही. इमारत गार करायची तर बर्फ ढिगाने हवा. तो ढीग महाराष्ट्रात आला समुद्रातून.

बोस्टनचा बर्फ मुंबईत

अमेरिकेत बोस्टनला फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी होता. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. हा माणूस तळ्यावरचा बर्फ कापून जहाजात भरायचा आणि गरम देशांत विकायचा. सुरुवातीला लोक त्याला हसले. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं. चार महिने प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडलं आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. फ्रीज नाही, वीज नाही. मग बर्फ टिकला कसा? लाकडाच्या भुशाने. भुशात अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. आणि बर्फाचा ढीग जितका मोठा आणि घट्ट रचलेला, तितका तो सावकाश वितळतो, कारण वितळतो तो बाहेरच्या बाजूने, आतला सुरक्षित राहतो. गोणपाटात गुंडाळून, भुसा लावून बर्फाची लादी नेणारे आमच्याकडचे गोळेवाले हेच करतात.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, हा बर्फ मुंबईत आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं आणि नंतर यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण आजही घरोघरी आया आईस्क्रीमबद्दल हेच बोलतात.

१८४३ च्या सुमारास मुंबईत लोकवर्गणीतून आईस हाऊस बांधलं गेलं. फोर्टमध्ये, गोदीच्या लायन गेटजवळ. आज त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. कलकत्त्यालाही असंच बर्फघर होतं. मद्रासचं १८४२ चं तर अजून उभं आहे. पुढे विवेकानंद तिथे राहिले, म्हणून आज ते विवेकानंदर इल्लम म्हणून ओळखलं जातं. थोरोच्या १८५४ मध्ये आलेल्या 'वॉल्डन' या पुस्तकात त्याच्या तळ्यावर बर्फ कापणारे मजूर येतात, आणि तो बर्फ जिथे जाणार त्या गावांत मद्रास, कलकत्त्यासोबत मुंबईचंही नाव येतं.

माझ्यासारख्या कोडवाल्याच्या डोक्यात इथे एकच शब्द येतो. कॅशे. जी गोष्ट दूर आहे, आणायला वेळ लागतो, ती आधीच आणून जवळ ठेवायची. आईस हाऊस म्हणजे मुंबईचा कॅशे. जहाज उशिरा आलं की कॅशे रिकामा आणि शहरभर ओरड.

पण हा गारवा पोचायचा कुणापर्यंत? साहेबाच्या ग्लासात, श्रीमंतांच्या मेजवानीत, आणि तापाच्या रुग्णाच्या कपाळावर. यंत्राने बर्फ बनवणारे कारखाने आले तसा हा समुद्रावरचा धंदा १८८० च्या आसपास संपला.

एका खोलीसाठी सव्वादोन लाख किलो

बर्फाने खोली गार करण्याचा गाजलेला प्रयोग अमेरिकेतच झाला. २ जुलै १८८१ ला राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. व्हाइट हाऊसमध्ये ते पडून होते आणि वॉशिंग्टनचा उन्हाळा भयंकर. नौदलाच्या इंजिनिअरांनी एक पेटी बनवली. आत सुती कापडाचे पडदे, त्यावर बर्फाचं पाणी, आणि पंख्याने त्यातून हवा ओढून खोलीत सोडायची. ओळखलंत? आपला वाळ्याचा कूलर, फक्त पाण्याच्या जागी बर्फाचं पाणी. खोली चांगली दहा अंशांनी गार झाली. पण दोन महिन्यांत बर्फ लागला सुमारे पाच लाख पौंड, म्हणजे जवळपास सव्वादोन लाख किलो. एका माणसाच्या एका खोलीसाठी! आणि सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेलेच.

हा आकडा बघितला की कळतं, की बाहेरून बर्फ आणून इमारती गार करणं परवडणारं नव्हतं. इमारतीतच गारवा तयार व्हायला हवा. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या इंजिनिअरने ते केलं. तेही माणसांसाठी नाही, कागदासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. गार नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातला ओलावा गळतो, हे त्याने वापरलं. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याचं रीगल थिएटर १९३३ मध्ये उघडलं, ते देशातल्या पहिल्या वातानुकूलित थिएटरांपैकी एक.

आणि इथे बर्फ मागच्या दाराने परत आला. थिएटरला गारवा हवा तो खेळापुरता. अमेरिकेतल्या चर्चला हवा तो रविवारच्या दोन तासांपुरता. डेअरीला दूध येतं तेव्हा. तेवढ्यासाठी भलंमोठं यंत्र घ्यायचं आणि बाकी वेळ बंद ठेवायचं? त्यापेक्षा लहान यंत्र घ्यायचं, ते रिकाम्या वेळी बर्फ करत राहील, आणि गर्दी आली की तो वितळवायचा. बाबांची आयबीटी याच घराण्यातली.

मोठी इमारत गार कशी होते?

मॉल, मोठं हॉस्पिटल, आयटी पार्क यांच्या प्रत्येक खोलीत वेगळा एसी नसतो. तळघरात किंवा गच्चीवर चिलर असतो. तो पाणी थंड करतो, साधारण ७ अंशांपर्यंत. ते पाणी जाड इन्सुलेशन केलेल्या पाइपांतून मजल्यामजल्यावर जातं. तिथे पंखे खोलीतली हवा त्या गार पाण्याच्या नळ्यांवरून फिरवतात. पाणी हवेतली उष्णता घेऊन १२-१३ अंशांवर परत येतं, चिलर पुन्हा ते गार करतो. काढलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून बाहेर. गच्चीवर पावसासारखं पाणी पडत असतं आणि वाफ निघते ना, तेच ते.

आता या चक्रात एक टाकी जोडा. तिच्यात दोन प्रकारे गारवा साठवता येतो.

पहिला प्रकार, नुसतं गार पाणी. उंच टाकी, खाली गार पाणी, वर कोमट. गार पाणी जड असतं म्हणून ते खालीच राहतं, मध्ये पडदा लागत नाही. फक्त पाणी आत सोडताना अगदी हळू सोडायचं, नाहीतर सगळं ढवळून जातं. अहमदाबाद-गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एका केंद्रातून अनेक इमारतींना पाइपने गार पाणी पुरवतात, तिथे अशी टाकी आहे.

दुसरा प्रकार, बर्फ. एक किलो पाणी ६ अंशांनी तापताना फक्त २५ किलोज्यूल उष्णता घेतं. एक किलो बर्फ शून्य अंशावरच राहून नुसता वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. तेरा पट! समजा एका इमारतीला दिवसात १० तास १०० टनांचा गारवा लागतो. तो आख्खा साठवायचा तर बर्फ लागेल ३८ हजार किलो. पाण्याच्या रूपात साठवायचा तर ५ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ५० टँकर. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे पार्किंगच्या जागेवरून भांडणं होतात, तिथे ५० टँकर ठेवणार कुठे? म्हणून बर्फ.

मग सगळे बर्फच का करत नाहीत? कारण फुकट काही मिळत नाही. ७ अंशांचं पाणी करायला चिलरला जेवढी मेहनत लागते, त्यापेक्षा बर्फ करायला बरीच जास्त लागते. शून्याच्या खाली पाच-सहा अंशांचं द्रव फिरवावं लागतं. म्हणजे तेवढ्याच गारव्याला वीज जास्त. रात्री बाहेरची हवा गार असते, चिलरला उष्णता बाहेर फेकणं सोपं जातं, त्यात थोडी भरपाई होते. पण खरा फायदा वेगळा आहे. संध्याकाळी सगळं राज्य एकाच वेळी दिवे, पंखे, टीव्ही लावतं, तेव्हा ही इमारत आपला चिलर बंद ठेवू शकते. फक्त पंप चालू, बाबांच्या जनरेटरवर चालायचा तसा. संध्याकाळच्या त्या चार तासांसाठी म्हणून जी जादा वीजनिर्मिती उभी करावी लागते, ती तेवढी कमी लागते. टाटा पॉवरने २०१० च्या दशकात मुंबईतल्या मोठ्या ग्राहकांसाठी अशा साठवणीची योजना आणली होती ती यासाठीच.

हे कळलं तेव्हा मला आमचं लोडशेडिंग आठवलं. वीज कमी पडायची ती संध्याकाळी. आणि कमी पडली की कुणाची जायची? आमची. मुंबईतल्या काचेच्या इमारतीत संध्याकाळी सहाला चिलर घरघरत असायचा आणि त्याच वेळी आमच्या केंद्रावर बाबा टॉर्च घेऊन बर्फाची जाडी मोजत असायचे. त्या इमारतींनीही आयबीटी ठेवली असती तर आमची लाईट राहिली असती, इतकं सोपं गणित नाही ते. पण दोन्ही जागा एकाच तारेला जोडलेल्या होत्या, हे खरं.

माझी चूक

मी सध्या पुण्यात इमारतींचं सॉफ्टवेअर लिहितो. चिलर कधी लावायचा, पंप किती वेगाने फिरवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम. एका इमारतीत बर्फाच्या टाक्या होत्या. पहिल्यांदा बेसमेंटमध्ये गेलो, झाकण उघडलं, आणि माझा हात आपोआप आत जायला निघाला. सोबतचा टेक्निशियन ओरडला, "सर, ग्लायकॉल आहे!"

त्या टाक्यांचं वेळापत्रक मी लिहिलं. रात्री १० ला बर्फ करणं सुरू, सकाळी ६ ला बंद, आणि दिवसा टाकीत किती टक्के बर्फ शिल्लक आहे ते बघून वितळवायचा. सोप्पं. एप्रिलच्या एका शुक्रवारी वरच्या मजल्यावर मोठा कार्यक्रम होता, चारशे माणसं, मोठमोठे दिवे. माझ्या प्रोग्रॅमने सकाळपासून मनसोक्त बर्फ वितळवला. दुपारी ३ वाजता टाकी रिकामी. संध्याकाळी, नेमक्या महागड्या वेळेला, दोन्ही चिलर पूर्ण ताकदीने लावावे लागले आणि त्या महिन्याचं कमाल मागणीचं बिल वाढलं. सोमवारी मी काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

रात्री बाबांना फोन केला. रिटायर झालेत ते आता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू सकायी बर्फ किती हाय थे पायलं. सांजचं दूध किती येनार हाय थे पायलं का?"

मी गप्प.

"लगीनसराईत गावात दूध खपते, मंग केंद्रावर कमी येते. पोळ्याले, दिवायीले येगळं. आम्ही आधी इचारून घेत होतो ना बाप्पा. बर्फ उद्यासाठी असते, आजच्यासाठी नसते."

दुसऱ्या आठवड्यात मी प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी टाकल्या. उद्याच्या हवामानाचा अंदाज, आणि इमारतीच्या कॅलेंडरमधले कार्यक्रम. शिवाय संध्याकाळसाठी राखीव बर्फ, ज्याला दुपारी हात लावायचा नाही. कोडमध्ये त्या फंक्शनचं नाव 'सांजचं दूध' ठेवलंय. रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं नाही अजून.

आता रात्र स्वस्त नाही

शेवटचा मुद्दा आणि मग थांबतो. कारण हा इतिहास सध्या आपल्या डोळ्यांसमोर वळण घेतोय.

बाबांच्या काळी आणि माझ्या त्या पहिल्या वेळापत्रकातही एक गोष्ट गृहीत होती. रात्रीची वीज स्वस्त आणि मोकळी. रात्री कारखाने कमी, दिवे बंद, औष्णिक केंद्र मात्र बंद करता येत नाही. म्हणून रात्री बर्फ करा. शेतकऱ्यालाही पंपासाठी थ्री फेज लाईट रात्री. रात्री दोनला उठून, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणारी माणसं तुमच्याही घरात असतील. माझे मोठे काका जायचे.

आता सोलर आलंय. दुपारी वीज भरपूर आणि सूर्य मावळला की तंगी. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांमध्ये वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी हे १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर असेल तर. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची म्हणूनच निघाली. म्हणजे घड्याळ उलटं झालं. बर्फ आता दुपारी करायचा आणि संध्याकाळी सहानंतर वितळवायचा. टाकी तीच, नळ्या त्याच, माझ्या प्रोग्रॅममधल्या वेळा तेवढ्या बदलाव्या लागल्या.

आणि इथे मला आमचा जिल्हा पुन्हा दिसतो. बुलढाणा शहर घाटावर आहे, सहाशे मीटरहून उंच, वऱ्हाडातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून जुन्या काळापासून नावाजलेलं. ज्यांना परवडलं ते साहेब घाटावर राहिले. खाली खामगाव, नांदुरा, मलकापूर तापत राहिलं. गारवा नेहमी असाच वाटला गेलाय. आधी बादशहाची सुरई, मग साहेबाचा ग्लास, मग थिएटरचा बाल्कनीवाला, मग आमचं आयटी पार्क. मे महिन्यात खालच्या एखाद्या गावच्या बाळंतिणींच्या वॉर्डात तुम्ही गेला असाल तर मी काय म्हणतोय ते कळेल. तिथे छतावर पॅनल लावायला ऊन भरपूर आहे. दुपारी बर्फ करून रात्री वॉर्ड गार ठेवायला महागड्या बॅटऱ्या लागत नाहीत, पाणी आणि नळ्या लागतात. आणि ती टाकी सांभाळणारी माणसं आमच्याकडे आधीपासून आहेत. दूध केंद्रांवर आयुष्य काढलेली, टॉर्च लावून बर्फाची जाडी ओळखणारी.

बाबांना मी हे सांगितलं. म्हटलं, बाबा, दवाखान्याला आयबीटी लावली तर? ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लावता येते. पन जनरेटर पंपापुरता तरी ठेवजा. लाईनचा भरोसा नोको करू."

तर मंडळी, तुमच्या गावात बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र, जुनं बर्फघर असं काही असेल, किंवा तिथे काम केलेलं कुणी घरात असेल, तर त्यांच्याशी बोला. रेकॉर्ड करा. व्हॉइस नोट मला पाठवा, पुढच्या एका भागात आपण ते सगळे आवाज एकत्र ऐकू. आणि आज घरी गेल्यावर एसीवरचा तो '१.५ टन' एकदा बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर पाणी पीत राहा, उन्हात डोक्याला रुमाल बांधा. नमस्कार!